केलेल्या कामाचा पुरावा आमच्या हाती द्या

प्रति,
सातारा जिल्ह्यात चित्रपट, मालिका व वेबमालिकांचे चित्रीकरण करणारे निर्माते, कास्टिंग दिग्दर्शक आणि निर्मिती व्यवस्थापक यांस

विषय : स्थानिक कलाकारांना श्रेय, चित्रफीत आणि लेखी करार मिळण्याबाबत

सविनय नमस्कार,

आपण आमच्या जिल्ह्यात चित्रीकरणाला येता याचा आम्हांला आनंद आहे, आणि पुढचा मजकूर वाचताना त्याचा विसर पडू नये म्हणून ते सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी नाटकातून आलेला, मालिकांमध्ये तलाठी, हवालदार, नवरीचा मामा, पतसंस्थेतले साहेब अशा एक-दोन प्रसंगांच्या भूमिका करणारा आणि उरलेल्या वेळात साताऱ्यातल्या नवोदितांची तालीम घेणारा नट आहे. स्थानिकांना काम द्या, त्यांच्यासाठी जागा राखून ठेवा, असे सांगणारी निवेदने आपल्याकडे पुष्कळ येत असतील. हे पत्र त्या जातीचे नाही. कोणत्या भूमिकेला कोण शोभेल हे ठरवण्याचा अधिकार आपला आहे आणि तो आपलाच राहावा. आमचे मागणे काम झाल्यानंतरचे आहे. आपल्या कॅमेऱ्यासमोर आम्ही जे काम केले त्याची नोंद, त्यातला एखादा तुकडा आणि त्याचा कागद आमच्याजवळ राहील अशी व्यवस्था आपण करावी, एवढेच आम्ही मागतो. कारण पडद्यावरच्या नटाला पुढचे काम मागच्या कामावर मिळते, आणि मागचे काम दाखवता आले नाही तर ते केलेच नाही असे धरले जाते.

वाई आणि मेणवलीचा परिसर कॅमेऱ्याला नवा नाही. २००३ च्या 'गंगाजल'मधला बिहार आणि २०१० च्या 'दबंग'मधला उत्तर प्रदेश वाईच्या गल्ल्यांत सापडला, २००४ च्या 'स्वदेस'मधले चरणपूर मेणवलीत कृष्णेच्या घाटावर वसले आणि २०१३ मध्ये 'चेन्नई एक्स्प्रेस'ने तर इथे तमिळनाडू आणून ठेवला. या साऱ्या काळात आमची गावे परप्रांताचे सोंग घेऊन उभी होती, त्यामुळे इथल्या माणसाच्या तोंडी मोठे वाक्य येण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नव्हता. त्याच्या वाट्याला गर्दीत उभे राहणे, बैलगाडी हाकणे, वाडा भाड्याने देणे, युनिटला गाड्या आणि जेवण पुरवणे ही कामे आली, आणि त्यावर अनेक घरे चालली, हेही खरे आहे. २०१७ मध्ये झी मराठीवर 'लागिरं झालं जी' सुरू झाली तेव्हा चित्र पालटले. गोष्ट साताऱ्याची होती, फौजेचे वेड असलेल्या पोरांची होती, नायक आणि लेखक दोघेही याच जिल्ह्यातले होते आणि पात्रांच्या तोंडची भाषा इथल्या एसटी स्टँडावर ऐकू येते तीच होती. साहजिकच आजूबाजूच्या पात्रांसाठी इथल्या नाटकवाल्यांना बोलावणे आले. पुढे 'मिसेस मुख्यमंत्री' आणि 'देवमाणूस' यांसारख्या मालिकांचे चित्रीकरणही याच जिल्ह्यात झाले आणि इथल्या माणसाला पडद्यावर बोलायला मिळणे ही अपूर्वाईची गोष्ट राहिली नाही.

अडचण अशी की पात्रे बोलू लागली तरी व्यवहार गर्दीच्या काळातलाच राहिला. गर्दीसाठी माणसे हवी असली की स्थानिक कोऑर्डिनेटरला आकडा सांगायचा, त्याने गाडी भरून माणसे आणायची, दुपारचे जेवण घालायचे आणि पॅकअपनंतर सगळे पैसे त्याच्याच हाती मोजायचे, ही पद्धत गर्दीपुरती समजू शकते. आठवडी बाजाराच्या प्रसंगात मागून चालत गेलेल्या पन्नास माणसांची नावे कुणी लिहून ठेवावीत असे आम्हीही म्हणणार नाही. परंतु ज्या बाईने नायिकेच्या आत्याचे काम महिनोन्‌महिने केले, जिची साडी, कुंकू आणि कानातले कंटिन्यूटीच्या, म्हणजे एका प्रसंगातली वेशभूषा पुढच्या चित्रीकरणात तशीच राहावी म्हणून ठेवलेल्या, नोंदीत रोजच्या रोज उतरले, तिचे स्वतःचे नाव कोऑर्डिनेटरच्या मोबाइलखेरीज कुठेच नसावे, हे मात्र समजण्यापलीकडचे आहे. मालिका संपते, सेट उतरतो, कोऑर्डिनेटर दुसऱ्या कंपनीकडे जातो आणि आत्याबाईंकडे उरते ती गावातली ओळख. राजवाड्यावर भाजी घेताना लोक त्यांना पात्राच्या नावाने हाक मारतात. मुंबईत, वर्सोव्याच्या आराम नगरात बसलेल्या कास्टिंग साहाय्यकापर्यंत ती हाक पोहोचत नाही.

त्या साहाय्यकाचा पहिला प्रश्न सगळ्यांना ठाऊक आहे : "आधी काय केलंय? लिंक पाठवा." त्याचेही चुकत नाही. एका छोट्या भूमिकेसाठी त्याच्यापुढे ढीगभर चेहरे असतात, दिग्दर्शकाला संध्याकाळपर्यंत मोजकी नावे द्यायची असतात, आणि अनोळखी माणसावर विश्वास टाकायचा तर त्याला कॅमेऱ्यासमोर उभे राहता येते, समोरच्याचे ऐकता येते, दिलेल्या जागेवर थांबून वाक्य संपवता येते, याचा डोळ्यांना दिसणारा दाखला त्याला हवा असतो. सातारा ते मुंबई हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. दोन मिनिटांच्या ऑडिशनसाठी रात्रीची गाडी, एक दिवसाचा खाडा आणि परतीचा प्रवास करणारी मुले आजही आहेत, पण २०२० च्या टाळेबंदीपासून घरून चित्रित केलेले ऑडिशन सर्रास चालू लागले आणि अंतराची अडचण पुष्कळ कमी झाली. आता आमच्या मुलांना अडवते ती मोकळी राहणारी लिंकची जागा. अभिनय हा त्यांचा माल मानला तर त्या मालाचा नमुना आपल्या हार्ड डिस्कमध्ये पडून आहे.

यावर, "छोट्या भूमिकेचे काय एवढे, नाव आले काय आणि न आले काय," असे उत्तर सेटवर मिळते. त्या उत्तरामागे कायद्याचे अज्ञान आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. कॉपीराइट कायदा, १९५७ यात २०१२ साली ज्या दुरुस्त्या झाल्या त्यांनी कलाकाराला, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'परफॉर्मर'ला, काही नैतिक अधिकार दिले. कलम ३८-ब नुसार आपल्या कामाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क त्याला आहे, आणि आपल्या कामाची प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाली तर ती रोखण्याचा किंवा नुकसानभरपाई मागण्याचा हक्कही आहे. वेळेत बसवण्यासाठी केलेली काटछाट ही मोडतोड मानली जात नाही, तेव्हा संकलकांनी काळजी करू नये. मात्र याच कायद्यात परफॉर्मरच्या व्याख्येला एक परंतुक, म्हणजे अपवाद सांगणारी अट, जोडलेले आहे. चित्रपटातले ज्याचे काम प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि उद्योगाच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कुठेही केला जात नाही, त्याला, मोडतोडीविरुद्धचा हक्क वगळता, परफॉर्मर मानू नये असे ते परंतुक सांगते. याचा अर्थ सावकाश लक्षात घ्यावा. नाव लागण्याचा रिवाज आहे की नाही, यावर कलाकार कायद्याच्या नजरेत कलाकार ठरतो की नाही हे काही अंशी अवलंबून आहे. आपण नाव गाळण्याचा रिवाज पाडला तर आम्ही सन्मानाला मुकतोच, शिवाय कायद्याने देऊ केलेल्या हक्काच्या दारातूनही मागे सरतो. इतक्या मोठ्या परिणामाची गोष्ट निर्मिती व्यवस्थापकाच्या घाईवर सोडता येणार नाही.

दैनंदिन मालिकेत रोज पूर्ण श्रेयनामावली दाखवणे शक्य नसते, हे आम्हांला कळते. भाग जेमतेम वीस-बावीस मिनिटांचा, त्यात वाहिनीचे स्वतःचे नियम आणि शेवटच्या सेकंदांवर पुढच्या मालिकेची जाहिरात चढलेली. म्हणून रोजचा आग्रह नाही. महिन्यातून एखाद्या भागाअखेर सगळ्या बोलत्या पात्रांची नावे दाखवता येतील. वेबमालिका आणि चित्रपटांत तर जागेची अडचणच नाही. तेही जमत नसेल तर कंपनीच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून द्याव्यात : अमुक कलाकाराने, अमुक निर्मितीत, अमुक नावाची भूमिका, अमुक तारखांना केली. आयएमडीबीसारख्या संकेतस्थळावर नोंद वापरकर्त्यांनाच घालता येते, पण पडद्यावर नाव नसेल तर त्या नोंदीला आधार काय दाखवायचा हा प्रश्न उरतोच. आपल्या कार्यालयातून निघालेल्या एका कागदाने तो मिटेल, आणि त्याचा खर्च एका चहाइतकाही नाही.

आता चित्रफितीविषयी. आमच्या मुलांचे शोरील, म्हणजे स्वतःच्या कामाचे निवडक तुकडे जोडून केलेली नमुन्याची चित्रफीत, कसे तयार होते ते आपण एकदा पाहावे अशी माझी फार इच्छा आहे. मालिका लागते तेव्हा घरातला कुणीतरी टीव्हीसमोर मोबाइल धरून उभा राहतो. पडद्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडलेले असते, मागे कुकरची शिट्टी वाजते आणि ऐन वाक्यावर पंख्याचा आवाज चढतो. ॲपवरून थेट मुद्रण करू गेले तर संरक्षणप्रणालीमुळे पडदा काळा येतो. कसाबसा मिळवलेला प्रसंग यूट्यूबवर टाकला की कॉपीराइटचा दावा येऊन पडतो, आणि नव्वद दिवसांत कॉपीराइटभंगाचे तीन स्ट्राइक, म्हणजे ताकिदी, झाल्या तर चॅनेलच बंद होते. प्रसंगावर मालकी आपली आहे हे आम्ही नाकारत नाही, कारण संमती देऊन काम करताना ती आम्हीच आपल्याला दिलेली असते. आमची विनंती अशी की भाग प्रसारित झाल्यानंतर, कथानक फुटण्याचा धोका उरला नाही की, ज्या कलाकाराला बोलते काम होते त्याला त्याच्या प्रसंगातला साठ ते नव्वद सेकंदांचा स्वच्छ तुकडा द्यावा, हवा तर कोपऱ्यात आपल्या कंपनीचे चिन्ह ठेवावे, आणि तो केवळ शोरीलमध्ये व ऑडिशनसाठी वापरण्याची लेखी परवानगी सोबत द्यावी. तुकडा निवडताना संकलकाने एक बारकावा सांभाळावा. नट बोलत असताना बव्हंशी नायिकेचा चेहरा दिसतो असा प्रसंग कामाचा नाही. त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावरचा, शक्यतो प्रतिक्रिया असलेला भाग द्यावा. ऐकणारा चेहरा ज्याला सांभाळता येतो त्याला बोलायला शिकवणे सोपे जाते, हे आपल्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

यापूर्वीच्या, म्हणजे निवडीच्या टप्प्यावरही आपल्या हातून एक मोठे काम होऊ शकते. सातारा, कराड, कोरेगाव, फलटण इथल्या व्हॉट्सॲप गटांवर दर थोड्या दिवसांनी संदेश फिरतो : नव्या मालिकेसाठी अठरा ते पंचवीस वयोगटातली मुले-मुली हवीत, फोटो पाठवा. निर्मितीचे नाव नाही, पात्राचे वर्णन नाही, चित्रीकरणाच्या तारखा नाहीत, मोबदल्याचा तर उल्लेखही नाही. अशा धुक्यात खरा कोऑर्डिनेटर आणि भामटा यांत फरक करता येत नाही, आणि भामटे याच धुक्यावर जगतात. कुणी नावनोंदणीचे पैसे घेतो, कुणी 'आर्टिस्ट कार्ड' काढून देतो, कुणी अमुक छायाचित्रकाराकडेच पोर्टफोलिओ केला पाहिजे अशी अट घालतो आणि मग त्याचा फोन बंद होतो. निवडीसाठी कलाकाराने पैसे मोजण्याची रीत प्रामाणिक कास्टिंगमध्ये नाही, हे आम्ही मुलांना घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. पण आमच्या सांगण्यापेक्षा आपल्या एका जाहीर वाक्याला वजन अधिक आहे. आपली कंपनी जिल्ह्यात आली की आपल्या अधिकृत कोऑर्डिनेटरचे नाव आपल्या समाजमाध्यमांवरील पानावर प्रसिद्ध करावे, ऑडिशनसाठी कोणतेही शुल्क नाही हे त्याखाली लिहावे, आणि प्रत्येक ब्रीफमध्ये, म्हणजे भूमिकेच्या माहितीपत्रकात, पात्राचे वय, स्वभाव, बोलीची अपेक्षा, अंदाजे दिवस आणि पर डे, म्हणजे दिवसाचा मोबदला, किती हे नमूद करावे. मुली आणि त्यांचे पालक यांच्यासाठी ऑडिशनची जागा कोणती आणि तिथे कोण कोण असणार हेही लिहिलेले असावे. दारे उघडी ठेवलेल्या नाट्यगृहात, दिवसाउजेडी आणि दोन माणसांसमक्ष घेतलेली ऑडिशन कुणाच्याही प्रतिष्ठेला साजेशीच असते. त्यासाठी शाहू कला मंदिरासारखी जागा साताऱ्यात आहे.

पैशाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो विषय निघाला की बाकीचे सगळे बाजूला पडते. मालिकांमध्ये नव्वद दिवसांनी पैसे मिळण्याची प्रथा आहे आणि तिच्याशी मोठे कलाकारही झगडत आले आहेत. ती एकट्या साताऱ्यातून बदलणार नाही. पण हे नव्वद दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, एवढे तरी कागदावर असावे. १९८१ च्या सिने-कामगार कायद्याने चित्रपटांतील कामगारांसाठी लेखी करार बंधनकारक केला होता. त्याची जागा घेणाऱ्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने 'दृक्-श्राव्य कामगार' या संज्ञेत अभिनेत्याचा स्पष्ट उल्लेख केला असून कंत्राटदारामार्फत घेतलेली माणसेही तीत येतात. तेव्हा कोऑर्डिनेटरने आणलेला नट आमचा नव्हेच, हे म्हणणे आता टिकणारे नाही. मोबदला बँकेतून यावा आणि करकपात झाली असेल तर ती आयकर खात्याच्या नोंदीत आमच्या पॅनसमोर दिसावी, असा आमचा आग्रह आहे. हाती रोख मिळालेली रक्कम त्या संध्याकाळी बरी वाटते. पुढे गाडीसाठी किंवा घरासाठी कर्ज मागायला गेले की उत्पन्नाच्या रकान्यात लिहायला काही नसते. आणखी लांबचे बोलायचे तर राज्य शासन ज्येष्ठ कलावंतांना मानधन देते, ते २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये झाले आहे. त्यासाठी वयाची पन्नास वर्षे आणि कलाक्षेत्रातली पंधरा वर्षांची कामगिरी लागते, आणि तिचे पुरावे जोडावे लागतात. आज ज्याचे नाव आपण गाळता तो उद्या हे पुरावे कुठून आणणार, याचा विचार आपल्याकडून सुटत असावा.

बालकलाकारांच्या बाबतीत मी विनंतीची भाषा वापरणार नाही, कारण तिथे नियम स्पष्ट आहेत. २०१७ मध्ये दुरुस्त झालेल्या बालकामगार नियमांनुसार मुलाला घेऊन चित्रीकरण करायचे तर निर्मात्याने ते जिथे होणार त्या जिल्ह्याच्या दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. दिवसाकाठी पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही, ओळीने सत्तावीस दिवसांपलीकडे नाही, आणि उत्पन्नाचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत गेला पाहिजे. आमच्याकडच्या पालकांना यातले बहुतेक काही माहीत नसते. मुलगा टीव्हीवर दिसणार या आनंदात ते शाळा बुडवतात, रात्रीच्या पाळीला स्वतः मोटारसायकलवरून आणून सोडतात आणि ठेवीची चौकशी करणे म्हणजे अपशकुन असे मानतात. परवानगीची प्रत आणि ठेवीची पावती पालकांच्या हाती देणे आपल्याला अवघड नाही.

एवढे लिहिल्यावर आमच्या बाजूचे उणेही मांडले पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. आमची मुले आपल्याला जे फोटो पाठवतात त्यांत कधी कधी नाकच बदललेले असते. फिल्टर, गॉगल, दुसऱ्याची बुलेट आणि मागे अजिंक्यतारा, अशा फोटोवरून माणूस ओळखायचा तर दैवी दृष्टीच हवी. उंची दोन इंचांनी वाढवून सांगितली जाते, घोड्यावर बसता येते असे लिहिले जाते आणि चित्रीकरणाच्या दिवशी घोडा पाहून पाय लटपटतात. ऑडिशन म्हणून एखाद्या गाजलेल्या नटाचे गाजलेले भाषण जसेच्या तसे म्हणून पाठवतात. त्यातून त्या नटाची थोरवी कळते, यांचे काहीच कळत नाही. तालमीत आम्ही आता या गोष्टींवर बराच वेळ घालवतो. फोटो खिडकीच्या उजेडात, साध्या कपड्यांत आणि सध्याचा असावा. ऑडिशनच्या व्हिडिओत मोबाइल आडवा धरून छातीपर्यंतची चौकट घ्यावी, मागे एकरंगी भिंत असावी, आवाजासाठी कॉलरचा माइक लावावा आणि समोरची वाक्ये वाचणारा माणूस कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला बसलेला असावा, म्हणजे डोळे भिरभिरत नाहीत. सुरुवातीला नाव, वय, उंची, गाव आणि मोकळ्या तारखा सांगाव्यात, चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवाव्यात आणि मग मुकाट्याने काम करून थांबावे. शोरील संगीताच्या तालावर कापलेल्या झलकांचे नको. पहिल्या दहा सेकंदांत आवाज आणि चेहरा एकत्र आला पाहिजे. हे सगळे आम्ही शिकवू शकतो आणि शिकवतो. त्या शोरीलमध्ये घालायचे खरे काम मात्र आपल्याकडूनच यावे लागते.

समाजमाध्यमांवरच्या फॉलोअर्सची संख्या पाहून नट निवडावा का, या प्रश्नावर माझे मत आपल्याला कदाचित पटणार नाही. इन्स्टाग्रामवर बोलीत छोटे प्रसंग करून गाजलेली आमची काही मुले खरोखर चांगली आहेत, आणि एखाद्याला आपण तिथे पाहून बोलावले तर त्यात गैर काही नाही. मोबाइलचा पडदाही पडदाच आहे. परंतु ऑडिशनच्या अर्जात अभिनयाच्या अनुभवाआधी फॉलोअर्सचा रकाना असतो तेव्हा मुले रियाज सोडून आकडा वाढवण्याच्या मागे लागतात, आणि काही जण तो विकतही घेतात. त्या आकड्याने मालिकेला प्रेक्षक मिळतो का, हे आपले आपण तपासावे. चाळीस दिवस सलग तेच पात्र त्याच सुरात निभावून नेण्याची ताकद त्या आकड्यात दिसत नाही, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

दुसरा सापळा बोलीचा आहे. साताऱ्याची बोली मालिकांत चालू लागली ही आमच्या भाग्याची गोष्ट झाली, पण तिच्यामुळे इथला नट म्हटला की रांगडा फौजी, तालमीतला पैलवान किंवा विनोदी मित्र, असा शिक्का तयार झाला आहे. याच जिल्ह्यात महाविद्यालयांत शिकवणाऱ्या, न्यायालयात उभ्या राहणाऱ्या, कारखान्यात अभियंता असणाऱ्या माणसांचीही मराठी आहे आणि आमचे कलाकार ती सहज बोलतात. वेळेकामठीचे सयाजी शिंदे पाटबंधारे खात्यात वॉचमनची नोकरी करता करता नाटकात घडले, हिंदीत 'शूल'मुळे सर्वदूर पोहोचले आणि पुढे तमिळ चित्रपटात महाकवी सुब्रह्मण्य भारतींची मध्यवर्ती भूमिका त्यांनी केली. जिद्दीची गोष्ट म्हणून हे उदाहरण आमच्या मुलांना प्रत्येक सत्कारात ऐकवले जाते. मला त्यातली वेगळी बाजू महत्त्वाची वाटते. नाटकात जाहिरातीवर नटाचे नाव असते, प्रयोग पाहायला येणारा दिग्दर्शक त्याची अख्खी भूमिका एका बैठकीत पाहतो, आणि तिथून माणूस पुढे जातो. मालिकेतल्या छोट्या नटाला ही सोय नाही. त्याचे काम तुकड्यांत प्रसारित होते, वाहून जाते आणि त्यावर नावही नसते. त्यामुळे त्याच्या बाबतीत श्रेय आणि चित्रफीत यांचे मोल नाटकवाल्यापेक्षाही जास्त आहे. ज्या दिग्दर्शकाला साताऱ्यातल्या नटात प्रमाण मराठी बोलणारा डॉक्टर दिसू शकेल, त्याच्यासमोर तो नट निदान एकदा धडपणे आला पाहिजे.

आमच्याकडून काही कामे आम्ही अंगावर घेतली आहेत. जिल्ह्यातल्या बोलत्या भूमिका केलेल्या कलाकारांची एक यादी करतो आहोत; तीत खरे वय, खरी उंची, येणाऱ्या बोली आणि भाषा, वाहन चालवणे, पोहणे, घोडेस्वारी अशी कौशल्ये पडताळूनच लिहिली जातील, आणि ती आपल्याला विनामूल्य मिळेल. लेटरहेडवरच्या पत्राचा, चित्रफितीच्या परवानगीचा आणि एका पानाच्या कराराचा मसुदा मराठीत तयार आहे. आपले पुढचे चित्रीकरण जिल्ह्यात सुरू होईल त्या पहिल्याच दिवशी तो आपल्या निर्मिती व्यवस्थापकांच्या हाती देऊ. आपल्या वकिलांना त्यात फेरफार करायचे असतील तर अवश्य करावेत. भूमिकेचे नाव, कामाच्या तारखा आणि पैसे मिळण्याची मुदत हे तीन रकाने मात्र रिकामे ठेवू नयेत. मसुदा कोणाच्या नावे पाठवायचा तेवढे आपल्या कार्यालयातून कळवण्याची व्यवस्था व्हावी.

कळावे,

आपला नम्र,
साताऱ्यातील एक चरित्र अभिनेता